दिव्याची हाक

आमच्या घरात हाका मारायच्या नाहीत, हे कामाला लागले त्याच दिवशी मला बजावलं होतं. माझा आवाज भिंतीपलीकडे जाणारा, मला मेलीला ते कसं जमणार? पण जमलं. तीन जणांचं घर. कोणाला चालता येत नाही, कोणाला ऐकू येत नाही आणि मावशीला गप्प बसता येत नाही, असं इंजिनियर म्हणायचा. मी मावशी, इथली मदतनीस. स्वयंपाक, औषधं, दवाखाना आणि भांडणं सोडवणं ही माझी कामं. भांडणं लावतेही मीच, असं म्हणणाराही तोच.

इंजिनियर म्हणजे कॉलेजात शिकलेला नव्हे. चाकाच्या खुर्चीत बसून मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतो, म्हणून इंजिनियर. समोरच्या खोलीत टेलरबाई राहायची. टेलरबाई हे आपलं तुम्हाला सांगण्यापुरतं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडे सगळ्यांची नावं हाताची. मी म्हणजे हवेत फिरवलेला डाव. इंजिनियर म्हणजे दोन बोटांनी पिळलेला स्क्रू. आणि ती म्हणजे डोळ्यासमोर धरलेली चिमटी, सुईत ओवून हळूच ओढलेला दोरा. ते नाव त्यानेच ठेवलेलं. तोंडाने त्याने तिला कधी हाक मारली नाही. मारून उपयोग काय?

हाक मारायची ती दिव्याने. तिच्या खोलीचं बटण त्याने दाराबाहेर, खुर्चीतून हात पोचेल इतकं खाली बसवून घेतलं होतं. दोनदा बंद-चालू केलं की ती शिलाई मशीनवरून मान वर करायची. मग दोघांचं हातांनी जे सुरू व्हायचं, त्यात माझं जेवण गार झालं तरी कोणाला पत्ता नाही. भांडायचेसुद्धा. ती हरायला लागली की डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटले, भांडण संपलं. हा बिचारा हात हवेत धरून बसलेला. मी पोट धरून हसायचे.

मग तिच्या बहिणीचा निरोप आला. मूल लहान आहे, दोन महिने सोबतीला ये. ती गेली. दोन महिने संपत आले तसा बहिणीने आग्रह धरला की आता इथेच राहा. खोली ठेवायची की सोडायची, हे रविवारपर्यंत सांगायचं होतं. आणि आमचा इंजिनियर तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

"अरे, बोलणाऱ्याची बोरंसुद्धा खपतात," मी म्हटलं. "परत ये म्हणून सांग की तिला."

"मी कोण सांगणारा? ती सख्खी बहीण आहे तिची."

"मग अर्ध्या पानावरून कशाला उठतोस?"

मेसेज कर म्हटलं, तर म्हणाला, "मावशी, हे लिहून सांगायचं असतं का?" शेवटी व्हिडिओ कॉल करायचं ठरलं. आदल्या दिवशी माझ्यासमोर त्याने तालीम केली. हात लांब पसरायचा आणि छातीशी ओढून घ्यायचा. परत ये. मला बाईला उगाच भरून आलं.

शनिवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात आला. ओट्यावर फोन उभा केला. ती दिसली, आणि दिसताक्षणी तिने हवेत स्क्रू पिळला. दोन महिने त्याला त्या नावाने कोणी बोलावलं नव्हतं. कसा हसला म्हणून सांगू! तिने बाळ दाखवलं, खिडकी दाखवली. मग याने हात पसरला, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी मागून तिच्या खांद्याला हात लावला. ती वळली. फोनमध्ये नुसती तिची पाठ आणि वेणी.

हा हात पसरून थांबलेला. मग खुर्ची भिंतीकडे नेली आणि माझ्या स्वयंपाकघराचा दिवा दोनदा बंद-चालू केला.

"अरे वेड्या, दिवा इथला लागतोय," मी म्हटलं.

त्याने परत दोनदा केला. तिकडे फोन आडवा पडला, छत दिसलं आणि कॉल तुटला. पुन्हा लावला, कोणी उचलला नाही. संध्याकाळी तिचाच मेसेज आला. बहिणीला हो म्हटलं, मशीन पाठवून द्या.

"आता तरी सांग," मी चिडून म्हटलं.

"आता सांगणं म्हणजे तिला कात्रीत धरणं, मावशी." मशीनला तेल त्यानेच घातलं, बांधूनही त्यानेच दिलं. मलाही तिची आठवण येते, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात त्या खोलीत गुरुजी आले. नजर गेली म्हणून शाळा सोडावी लागलेले. पहिल्याच दुपारी मी पानं घेतली आणि इंजिनियर नेहमीसारखा त्या दाराशी गेला. बटण दोनदा खाली-वर केलं. माझ्या हातातला डाव हातातच राहिला.

आतून गुरुजी म्हणाले, "बटण वाजलं. दिवा बिघडलाय का?"

"नाही, गुरुजी. जेवायला चला." इंजिनियरचा चेहरा उतरला होता. "इथे बोलवायची अशीच पद्धत होती."

"म्हणजे आंधळ्याला दिवा दाखवताय होय?" गुरुजी मोकळेपणी हसले. भिंत चाचपत दारापर्यंत आले. "माझ्या आधी कोण राहायचं इथे?"

इंजिनियरचा हात वर आला. चिमटी डोळ्यासमोर गेली, सुईत दोरा ओवला, सावकाश शेवटपर्यंत ओढला. माझ्या ओठांवर टेलरबाई आलं होतं, पण तिचं नाव ते नव्हे, म्हणून मी गप्प राहिले. गुरुजी मान तिरकी करून उत्तराची वाट बघत उभे होते.