मशीन, मी आणि मोरीवरचा अर्धा तास

आमच्या घरात भांडी मी घासतो. हे वाक्य मी लग्नांत, मुंजींत, बँकेच्या रांगेत आणि श्रीवर्धनच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, कोणी काही विचारलेलं नसताना ऐकवलेलं आहे. ऐकणारा पुरुष असेल तर तो खिडकीबाहेर बघायला लागतो. बाई असेल तर ती माझ्या बायकोच्या नशिबाचं कौतुक करते. दोन्ही प्रकार मला आवडतात, दुसरा जरा जास्त.

लग्नाच्या पहिल्या वर्षी नारळ खवताना बायकोचा अंगठा कापला आणि मी शूरपणे म्हणालो, "आजची भांडी मी घासतो." अंगठा आठ दिवसांत बरा झाला. मी मात्र सत्तावीस वर्षं मोरी सोडली नाही. माझी शाळा सकाळच्या पाळीची, त्यामुळे दुपारची भांडी माझी असं ठरूनच गेलं. दिवेआगरला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि घराच्या मागच्या दाराबाहेर दगडी मोरी. नारळाच्या सोडणातला काथ्या घ्यायचा, त्यावर बंबातली राख, मग साबण, मग विहिरीचं पाणी. या विषयावर मी तासभर बोलू शकतो आणि बोललोही आहे.

पण खरं सांगायचं तर भांड्यांशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझी बायको दिवसभर फार कमी बोलते. काय करू, बरं, हो, आणा, एवढ्यावर तिचा संसार चालतो. मोरीवर मात्र ती फडकं घेऊन शेजारी उभी राहायची, मी विसळलेलं भांडं पुसायची आणि बोलायची. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात निम्मी वाडी आडवी झाली तेव्हापासून ती पर्यटकांना घरगुती जेवण देते. तेव्हापासून तर तिच्या बोलण्याला ऊतच आला. मोदकाला काटा-चमचा मागणारे गृहस्थ, सोलकढीत साखर घालून पिणाऱ्या बाई, सुपारीच्या झाडाला 'छोटा नारळ' म्हणणारे काका, सगळ्यांच्या ती हुबेहूब नकला करायची. मी हसता हसता पातेली पाडायचो. भांडी संपली की ती म्हणायची, "टोपली मी आत नेते, तुम्ही जा ओटीवर." मी ओटीवर वर्तमानपत्र उघडायचो, आत नळ वाहत असायचा आणि मी जगातला सर्वांत सुखी मुख्याध्यापक असायचो.

मी निवृत्त झालो आणि मुलीने भांडी घासायचं मशीन पाठवलं. ती न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या कचेरीत आहे. तिच्या हाताखालून दिवसाला शेकडो खोकी जातात, त्यातलं एक आपल्या आईबापाकडे वळवावं असं तिला वाटलं असणार. टेंपोतून ते उतरलं तेव्हा मला वाटलं, लहानसं कपाट आहे.

"बाबा, प्लीज हं, आता आर्ग्यू नको," मुलगी फोनवर म्हणाली. "तुम्ही रिटायर झालात ना? मग भांड्यांतूनही रिटायर व्हा. फुल टेन्शन फ्री."

शाळेतून निवृत्त होताना मी भाषण केलं, शाल घेतली, नारळ घेतला, डोळे कोरडे होते. पण मोरी गेली तर अर्धा तास जाणार, अर्धा तास गेला तर बायको पुन्हा हो-बरं-आणावर येणार, आणि हे मी मुलीला फोनवर कसं सांगणार? साठीला टेकलेल्या माणसाने "मला तुझ्या आईशी बोलायला भांडी लागतात" असं कबूल करायचं? मी म्हटलं, "बरं."

मशीन बसवायला माणगावहून एक मेकॅनिक आला. चांगला माणूस, पण त्याने पहिलीच गोष्ट सांगितली ती अशी, "काकी, ह्यात मीठ टाकायला लागतं बरं का. तुमचं विहिरीचं पाणी जड हाय."

बायको लगेच बरणी घेऊन आली. "पेणचं खडेमीठ आहे, चालेल? किती घालू, चवीपुरतं?"

"न्हाय न्हाय, ह्याचं येगळं मीठ येतं."

"मीठसुद्धा वेगळं?" बायको म्हणाली. "हा तर नवा जावईच दिसतोय."

मी पोट धरून हसलो आणि मग एकदम गप्प झालो, कारण ती मशीनकडे बघून हसत होती. मोरीवर हसायची तशीच.

मेकॅनिकने जाळ्या बाहेर ओढल्या, ताटं कुठे, वाट्या कुठे ते दाखवलं आणि बजावलं, "काका, भांडी घासून टाकायची न्हाईत हां. फक्त उष्टं काढायचं नि तशीच ठेवायची. दिसभराची साठली की बटण दाबायचं."

दिवसभराची! दुपारी बारा वाजता पहिली पंगत जेवणार आणि ती खरकटी ताटं संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात, बंद कपाटात, देवाच्या कोनाड्यापासून चार हातांवर बसणार. आमच्या घरात खरकटं दहा मिनिटं राहिलं तरी जीव वरखाली होतो. शिवाय नवीन, कोरी करकरीत वस्तू. तिच्यात पहिल्याच दिवशी वालाच्या बिरड्याने माखलेली ताटं घालायची? माझं मन धजलंच नाही. बायको पाहुण्यांना विडे द्यायला ओटीवर गेली की मी ताटं उचलून गुपचूप मोरीवर जायचो, भराभर घासायचो आणि स्वच्छ ताटं मशीनमध्ये मांडून ठेवायचो. मग संध्याकाळी मशीन ती घासलेली भांडी दोन तास घासायचं.

बारा दिवस मी असा चोरून राबलो. आणि बारा दिवस बायको रोज मशीनचं दार उघडून म्हणायची, "बाई बाई, काय लख्ख निघतात!"

माझा नुसता जळफळाट होत होता. घाम माझा, कौतुक त्या कपाटाचं! मुलीला फोन करून ती सांगायची, अगं, मोदकपात्राच्या कडांतलं पीठसुद्धा जातं. मी पलीकडे ओटीवर वर्तमानपत्राच्या आड दात खात बसायचो. बरं, सांगायचं तरी कसं? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मोरीवर आता मी एकटाच होतो. पाहुणे काय काय बोलून जात होते, मला काही कळत नव्हतं. बायको दुपारी जरा आडवी व्हायला लागली होती. हो, बरं, आणा.

तेराव्या दिवशी पुण्याहून दहा जणांचं कुटुंब जेवून गेलं आणि माझा तोल सुटला. दहा ताटं समोर होती, बिरडं, आळूचं फदफदं, हळदीचं वरण, मोदकांवरचं तूप. मी म्हणालो, "आज शर्यत! पाच ताटं मशीनची, पाच माझी. बघू कोण लख्ख ते."

बायकोने भुवई वर केली. "मशीनची पाच जशीच्या तशी ठेवायची?"

"जशीच्या तशी. खरकटी," मी म्हणालो. आता माघार नव्हती.

मशीन घुमायला लागलं. मी मोरीवर बसलो आणि त्या दिवशी घासलं तसं आयुष्यात कधी घासलं नव्हतं. राख, काथ्या, साबण, पुन्हा राख, पुन्हा साबण. मी गाणं म्हणत होतो. सुपारीवरचे कावळे उडून गेले. एकेक ताट मी उन्हात धरून बघितलं. त्यात माझा चेहरा दिसत होता आणि तो विजयी होता.

मशीन थांबल्यावर मी बायकोला वाडीत पाठवलं. दहाही ताटं पुसली, ओट्यावर ओळीने मांडली, माझी कुठली आणि त्याची कुठली हे फक्त मलाच माहीत. मग हाक मारली, "या परीक्षक! उलटसुलट करून बघा आणि निकाल सांगा."

ती आली. तिने ताटं उलटीसुद्धा केली नाहीत. तर्जनी काढली आणि प्रत्येक ताटाच्या कडेखालून एकदा फिरवली. हे इकडे, हे तिकडे, हे तिकडे, हे इकडे. अर्ध्या मिनिटात पाच-पाचचे दोन ढीग झाले. एकही चूक नव्हती.

"ही तुमची," ती उजव्या ढिगावर हात ठेवून म्हणाली.

"कशावरून?"

"कडेखाली तुमचा हात जातच नाही. कधीच जात नाही. वाटी असली तर बुडाचा गोल राहतो, तांब्या असला तर मान राहते." तिने माझं ताट उलटं केलं. कडेखाली हळदीची पिवळी रेघ, अगदी पूर्ण गोल.

मग डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. "कधीच म्हणजे? तुला काय माहीत?"

ती हसायला लागली. तिला थांबवेना, ओट्याला धरून हसत होती. "अहो, तुम्ही ओटीवर गेलात की ती सगळी टोपली मी आतल्या नळाखाली पुन्हा घासायचे!"

"रोज?"

"रोज. सत्तावीस वर्षं."

मी मटकन पाटावर बसलो. बँकेची रांग आठवली, एसटी आठवली, माझं निरोपाचं भाषण आठवलं, त्यातसुद्धा मी भांड्यांचा उल्लेख केला होता. लाजेने कान तापले आणि त्याच वेळी मलाही हसू फुटलं, असं की डोळ्यांतून पाणी. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आला असतात मोरीवर?"

नसतो आलो, रुसलो असतो. आमच्या घरात रुसण्याचं कामही माझ्याकडेच आहे.

ती माझ्यासमोर पाटावर बसली. हसणं ओसरलं होतं. "गेले बारा दिवस तुम्ही चोरून घासताय ते मला माहीत आहे. मोरी ओली दिसायची. मी रोज वाट बघायचे, आज हाक मारतील. मग वाटलं, आता तुम्हाला तिथं मी नकोय."

तिला मी नको असं वाटून मी गप्प, आणि मला ती नको असं वाटून ती गप्प, आणि मध्ये ते कपाट पाणी पीत उभं. मी तिचा हात धरला. हे आमच्या स्वयंपाकघरात भरदुपारी प्रथमच घडत होतं, म्हणून ती दाराकडे बघून घेऊन मगच हात तसाच राहू देत म्हणाली, "काय हे."

मग ती उठली. माझी पाच ताटं तिने मशीनमध्ये घातली, सकाळची उरलेली भांडी घातली आणि बटण दाबलं. ओट्यावरून एक लहानशी वाटी उचलून, फडकं खांद्यावर टाकून ती मागच्या दारात उभी राहिली.

"ही एक राहिली," ती म्हणाली. "मशीनमध्ये जागा नाही हो."

आत दहा वाट्यांची जागा होती, मी पाहिली होती. मी काथ्या घेतला, मोरीवर बसलो आणि ती एक वाटी आम्हाला चार वाजेपर्यंत पुरली.