बैलवाटेवरची हाक

आबा बेपत्ता होऊन बारा वर्षं भरली, तसे आमचे भाऊबंद रोज भवानी पेठेतल्या घरी येऊन बसायला लागले. आबा म्हणजे माझे वडील. लुगड्यांची गाठोडी तट्टावर लादून ते वैरागच्या पुढं बालाघाटाच्या डोंगरात चढायचे, वर मोगलाईतल्या वस्त्यांवर माल विकायचे आणि पंधरा दिवसांनी परतायचे. त्या खेपेला तट्टू तेवढं परत आलं, पाठीवरच्या ओझ्यासकट.

भाऊबंदांचं म्हणणं एकच. बारा वर्षं झाली, आता पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्या आणि आईनं कुंकू पुसावं. रीतच होती ती. पण आई ऐकेना. "माणूस जित्ता असला म्हंजे? जित्त्या माणसाचं कुकू पुसू व्हय मी?"

आबांनी वर मोगलाईत दुसरं घर मांडलंय, अशी कुजबुज होती. तीही तिच्या कानावर होतीच. "मांडू दे की," ती म्हणायची. "जित्तं तर हाईत."

शेवटी तिनं हट्टच धरला, मला ती वाट दाखव. मी तेव्हा गिरणीत कारकून होतो. हातापाया पडून पाच दिवसांची रजा काढली आणि तिला घेऊन निघालो. मनातून जाम वैतागलो होतो.

ते तट्टू एकटंच उतरताना ज्यानं पाहिलं होतं, तो म्हातारा धनगर घाटाच्या पायथ्याला भेटला. वाट दाखवायला तो तयार झाला, पण मेंढरं घेऊनच. "मेंढराच्या पायानं चला म्हंजे वाट दिसती," म्हणाला. एका दिवसाच्या चढाला आम्हाला तीन दिवस लागणार होते. मी कपाळाला हात लावला.

वाट जुनी, लमाणांच्या बैलांची. दगडी फरशा खुरांनी मधोमध झिजलेल्या. आता तिथून कुणी जात नव्हतं. चैत्राचं ऊन, पळसाची झाडं, आणि मेंढरं चरत चरत पुढं. माणसाचा आवाज म्हणाल तर आमचाच, आणि तोही हळूहळू कमी होत गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वाट अगदी अरुंद झाली तिथं, धनगरानं एकदम मेंढरं कड्याला लावली. आम्हालाही हातानं मागं सारलं.

"सरा. वाट द्या."

"कुणाला?" मी विचारलं. वाट वरपर्यंत रिकामी होती.

"वझं घिऊन उतरणाऱ्याला आदी वाट द्याची. हितली रीत हाय."

"अहो, पण आहे कोण?"

तो डोक्यावरचं मुंडासं काढून उभा राहिला. मी हसणार होतो. तेवढ्यात मेंढरांकडं लक्ष गेलं. सगळ्या मेंढरांनी माना वर केल्या होत्या, आणि त्या माना वरच्या वळणापासून खालच्या वळणापर्यंत सावकाश फिरत गेल्या. सगळ्यांच्या, एकदम. वारा नव्हता. पानसुद्धा हललं नाही. मी आईकडं पाहिलं तर तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता आणि मान खाली घातली होती. आबा घरात आले की ती अशीच उभी राहायची. खोटं कशाला सांगू, पुढं तासभर मी धनगराची घोंगडी धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी सकाळी धनगर एका दरीच्या काठाला थांबला. समोर काळा कडा. "तुमचं तट्टू हितनं उतरताना बघितलं मी. हाक मारा."

"बारा वर्षांनी हाक?"

"ह्यो कडा समदं परत देतो. मेंढराची घंटीसुदीक. पर ज्याची हाय त्याला पोचली, तर ती हाक परत येत न्हाय. मग समजायचं, माणूस हितंच खाली हाय."

काहीतरीच, असं म्हणत मी ओरडलो, "आबाऽ!" कड्यानं ते स्वच्छ परत दिलं. मी तीनदा ओरडलो, तिन्ही वेळा हाक परत आली. मला हायसं वाटलं. आईलाही वाटलं असावं, तिचा चेहरा उजळला.

धनगर मान हलवून म्हणाला, "आबा तर घरोघरी हाईत. नाव घ्या."

बापाचं नाव असं ओरडायचं? माझी जीभ उचलेना. आई पुढं झाली. नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ओळखीत कुणाचं तेच नाव असलं तरी ती "ते आपले हे" म्हणायची. मी तिचा हात धरला. "आई, नको. चल घरी. कुंकू राहू दे तुझं, कोण काय बोलतं बघतो मी."

तिनं हात सोडवून घेतला. दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि आबांचं नाव घेतलं. लाजली नाही, अडखळली नाही. शेतातल्या माणसाला जेवायला बोलवावं तशी खणखणीत हाक.

आम्ही वाट पाहिली.

काही आलं नाही. मेंढरंसुद्धा चरायची थांबली. मला राग आला. कड्याचा, धनगराचा, सगळ्यांचाच. मी पुन्हा जिवाच्या आकांतानं ओरडलो, "आबाऽ!" कड्यानं ती हाक लगेच माझ्या तोंडावर परत टाकली.

"गप आता," आई म्हणाली. "ऐकलंय त्यांनी."

ती खाली बसली. पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात भिजवून तिनं कपाळ पुसलं, एकदा, दोनदा. धनगर पाठ फिरवून उभा राहिला. मी रडत होतो. तिनं चेहरा माझ्याकडं वर केला.

"ऱ्हायलंय का रं कुटं?"

भुवईपाशी थोडं राहिलं होतं. ते मी अंगठ्यानं पुसलं.