बाईंनी सही केली नाही

आम्हा होतकरू पाळकांना घडवणाऱ्या बाई स्वतः कधीच पाळक होऊ शकल्या नाहीत. आमच्या चर्चमध्ये बायकांना पाळकाची दीक्षा देत नसत. बावीस वर्षं त्यांनी पुरुषांना वेदीपर्यंत पोचवलं आणि स्वतः पायरीशी थांबल्या. याचा राग त्यांनी कधी लपवला नाही, आणि का लपवावा? आम्ही त्यांना ‘छडी’ म्हणायचो. हातात छडी कधी दिसली नाही. जीभ पुरेशी होती.

त्यांचा विषय आजाऱ्यांची भेट. परीक्षा इस्पितळाच्या वॉर्डात. खाटेशेजारी अर्धा तास बसायचं, बाई दाराशी स्टुलावर.

मी प्रार्थनेत पटाईत. माझ्या वाट्याला एक म्हातारा सुतार आला. त्याच्या उशाशी उभा राहून मी अशी काही प्रार्थना केली की नर्सनंसुद्धा डोळे पुसले. मी आपला हवेत! बाहेर व्हरांड्यात बाईंनी एवढंच विचारलं, त्यांना मुलं किती? मला ठाऊक नव्हतं. तो दोनदा काहीतरी सांगायला लागला होता, आणि दोन्ही वेळा मी आवाज चढवला होता. बाईंनी मला नापास केलं.

आता पाळक घडवणाऱ्या आमच्या विद्यालयाच्या विश्वस्तांचे अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे मामा. माझ्या दीक्षेच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, आईनं नातलगांना बोलावणी धाडली होती. मामांनी बैठक घेतली आणि बाईंना स्पष्टच सांगितलं, पास म्हणून सही करा नाहीतर राजीनामा द्या. मी कोपऱ्यात मान खाली घालून बसलो होतो. खोटं कशाला बोलू, त्यांनी मुकाट्यानं सही करावी असंच मला वाटत होतं.

बाईंनी कागद मामांपुढे सरकवला.

“तुम्ही करा सही. मग याच्या चर्चमधल्या कुणाचं लेकरू गेलं, की त्या घरी याला पाठवू नका. तुम्ही जा.”

“बाई, एका भेटीसाठी पोराचं वर्ष घालवता?”

“त्या सुतारांना एकच भेट मिळाली. परवा गेले ते.”

हे मला तिथं कळलं. लाज वाटली, इतकी की बसवेना. मी उठलो आणि म्हणालो, “मामा, मी नापासच आहे.”

मामांनी मला गप्प बसायला सांगितलं. मी तेच पुन्हा म्हणालो. मग बाकीचे विश्वस्त एकमेकांकडे बघू लागले, आणि राजीनाम्याचा विषय कुणी पुढे रेटला नाही. मामा तरातरा निघून गेले. पुढे वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

शाबासकी देणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं. पर्स उचलून त्या माझ्यापाशी थांबल्या.

“त्या सुतारांची बायको घरी एकटी आहे. जा. आणि त्यांनी म्हटल्याशिवाय प्रार्थना करायची नाही.”