वाढायला कोण उभं राहणार

अण्णांनी सोनालीच्या हातातली वरणाची बादली काढून घेतली. हिसकावली नाही. अलगद काढली, लहान लेकराच्या हातातून विळी काढावी तशी.

"बाई, तू भांड्याकडं जा," म्हणाले.

पंगत बसलेली होती. माझे विद्यार्थी आणि गावातली म्हातारी माणसं. सोनालीही माझीच विद्यार्थिनी. ती मंडपाबाहेर नळावर गेली.

मी तेव्हा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचे. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडं होतं. केजपासून जीपनं अर्ध्या तासावरच्या या गावात आमचं हिवाळी शिबिर होतं. नाल्या उपसायच्या, शाळेच्या भिंती रंगवायच्या, दुपारी घरोघर फिरून बायकांशी बोलायचं. गावात आमचा आधार म्हणजे अण्णा. कागदावर त्यांची सून सरपंच. कारभार अण्णांचा. देवळाचा सभामंडप त्यांनीच दिला, ज्वारीचं पीठ, पाण्याचा टँकर सगळं त्यांचंच. त्यांच्यावाचून शिबिर झालंच नसतं.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओळख करून घेताना त्यांनी एकेका मुलीला गाव आणि आडनाव विचारलं होतं. "चौसाळ्यात कुणाची गं तू?" सोनालीनं सरळ सांगितलं. लपवायचं काय होतं तिला?

बादली दुसऱ्या मुलाकडं देऊन अण्णा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. आवाज खाली केला.

"पोरगी चांगली हाय, मॅडम. पण ही म्हातारी माणसं. त्यायला चालत न्हाई. तुमी तर आपल्यातल्याच, तुमाला काय सांगायचं."

आपल्यातल्याच.

माझं आडनाव आमच्या भागात चार जातींत आहे. अण्णांनी त्यातली आपली निवडली होती.

मला राग आला असं लिहावंसं वाटतं. आला नाही. काहीच आलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला राहत नाही, तसं अंग झालं. मी उठून देवळामागं गेले आणि प्राचार्यांना फोन लावला. झालेलं सांगितलं. ते म्हणाले, "गावाशी वाकडं नको, मॅडम. तिला दुसरं काम द्या. ॲडजस्ट करा."

फोन ठेवला. तेलगावचं एक लग्न डोळ्यासमोर आलं. मी सात-आठ वर्षांची. सगळ्या पंगती उठल्यावर आम्हाला गोठ्याच्या कडेला बसवलेलं. ताटं आमची, घरून नेलेली. वरून बुंदी टाकली. माय म्हणाली, "खाली बघून जेव." मी खाली बघून जेवले. त्यानंतर शिकले, एम.ए. झाले, सेट परीक्षा पास झाले. पण मान तशीच वाकलेली राहिली असावी.

नळावर सोनाली पातेलं घासत होती. वर न बघता म्हणाली, "मॅडम, माझं काई चुकलं का?"

"नाही."

"मग मला वाढण्यातून का काढलं?"

एवढंच विचारलं तिनं. रडली नाही. फोनवर मिळालेलं उत्तर तिला देता येत नव्हतं. मी तिचा राखेनं भरलेला हात तसाच धरला आणि मंडपात आणलं.

"अण्णा," मी म्हणाले, "मी सोनालीच्यातली आहे. काल संध्याकाळचं पिठलं मी केलेलं. तुम्ही दोनदा मागून घेतलंत."

अण्णांनी हातातला पेला खाली ठेवला.

"हे आदी सांगायचं होतं."

"तुम्ही विचारलंच नाही. तुम्हीच ठरवलं."

सोनालीनं हात धुतले आणि बादली उचलली. म्हातारे एकेक करून उठले. त्याचं काही वाटलं नाही. पण माझ्या वर्गातली चार मुलंही उठली. एक जण जाताना पुटपुटला, "घरी कळलं तर, मॅडम..." ज्या मुलांना मी समतेचा धडा शिकवला होता, त्यांतला तो एक. बाकीचे बसून राहिले. सोनालीनं वाढलं.

संध्याकाळच्या आत मंडप रिकामा करा, असा निरोप आला. शाळेत मुक्काम हलवावा म्हटलं, तर तिची किल्ली मिळाली नाही. आम्ही टेम्पोत सामान भरून परतलो. पुढच्या सत्रात मला तास मिळाले नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्याआधीच, शिबिरावरून परतल्यावर, आम्ही केजच्या पोलीस ठाण्यात गेलो होतो. तक्रार द्यायला. सोनालीचे वडील सोबत होते. दारातच थांबले. "मॅडम, आमाला हितंच ऱ्हायचं हाय," म्हणाले.

"मला बी हितंच ऱ्हायचं हाय, बापू," सोनाली म्हणाली आणि आत गेली.

आता खटला उभा आहे. मागच्या महिन्यात अण्णांकडची दोन माणसं माझ्या घरी आली. चहा केला. प्यायली नाहीत. "मिटवून टाका. तुमच्या नोकरीचं बगू," म्हणाली.

मी त्यांना दार दाखवलं. नोकरी लागेल किंवा लागणार नाही. पुन्हा कुठं शिबिर घ्यायला मिळेल, मिळणारही नाही. अंगातला बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही. तो जायची वाट मी बघत नाही. तारीख लागली की सोनाली चौसाळ्याहून निघते, मी इथून. कोर्टात नावाचा पुकारा होतो. मी उभी राहते. तक्रार मागं घेणार नाही.