मामा, मास्तर आणि कुलूपवालं सॉफ्टवेअर

प्रोग्राम लिहिण्याआधी तो ठेवायचा कशात, यावर माझ्या बायकोच्या मामांनी जेवढा विचार केलाय, तेवढा अख्ख्या माळव्यात कोणी केला नसेल. गिरणीच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाल्यावर ते छत्रीबागेतल्या घरी एक प्रोग्राम लिहायला बसले: घरात काय सामान आहे ते सांगितलं की आज कोणती भाजी करावी, हे तो सांगणार. मामींनी त्याला एकदाही विचारलं नाही, ते सोडा. जोडीदार होते सुदामा नगरचे त्यांचे दोस्त, गणिताचे निवृत्त मास्तर. दोघांनी मिळून लिहायचं, तर कोणी काय बदललं ते लक्षात ठेवणारी आणि चुकलं तर मागे नेणारी व्यवस्था हवी. तिला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. मामांना प्रोग्रामपेक्षा तीच प्यारी. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही ते तिचे गुणदोष सांगत होते. शेवटी डॉक्टरने कापूस जरा जास्तच कोंबला.

सुरुवातीला त्यांनी जुन्या पद्धतीचं, कुलूपवालं सॉफ्टवेअर बसवलं. एकाने फाइल घेतली की तिला कुलूप. तो परत ठेवेपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही. "एका वेळी एकच माणूस बोलणार, जावईबापू. मतलब किती शांतता!" मामा खूश. मग एकदा फाइलला कुलूप लावून ते पुतणीच्या लग्नाला हातोदला गेले आणि मोबाइल घरीच विसरले. मास्तरांना नेमकं त्याच दिवशी भरल्या वांग्यांबद्दल काहीतरी सुचलेलं. ते बस पकडून थेट मंडपात आले आणि मंगलाष्टकं चालू असताना, हातात अक्षता घेऊन, मामांच्या कानाशी लागले. "भिया, कुलूप काढ!" "अरे, लग्न तर लागू दे!" मास्तर थांबले, श्रीखंड मागून घेऊन जेवले, मुलीकडच्यांच्या फोटोतही आले आणि संध्याकाळी दोघं भांडत भांडत एकाच बसने परतले.

मग सबव्हर्जन नावाचं दुसरं सॉफ्टवेअर आलं. त्यात दोघांनीही एकदमच बदल करावेत आणि मागून येणाऱ्याने जुळवून घ्यावं. जुळवून घेणं दोघांच्याही स्वभावात नव्हतं. मामा कारलं घालत, मास्तर ते काढून भेंडी घालत. मास्तर रोज संध्याकाळी स्कूटरवरून यायचे, ओरडायचे, चहा प्यायचे आणि जायचे. एक दिवस ते चहा न पिताच गेले. मामा घाबरले. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीत, म्हणून मला बोलावणं आलं.

मी दोघांकडे गिट नावाचं नवं सॉफ्टवेअर बसवून दिलं. प्रत्येकाच्या घरी प्रोग्रामची पूर्ण प्रत; ज्याने त्याने आपली शाखा, म्हणजे आपल्या बदलांची वेगळी वाट काढावी, वाटेल तेव्हा एकत्र करावी. मामांच्या शाखेत कारलं, मास्तरांच्या शाखेत भेंडी. भांडण मिटलं.

काही आठवड्यांनी गेलो, तर मामा दाराकडे तोंड करून बसलेले.

"गिटसारखं दुसरं नाही," ते म्हणाले. "कोणाचं काही अडत नाही. एकदम बढिया." मग दाराकडे बघत, "मास्तर काही येत नाही हो आजकाल."

"बोलवा की."

"काय म्हणून बोलवू? काम तर बरोबर चाललंय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते कुलूपवालं परत बसवता येईल का?"

मी त्याचे दोष सांगायला लागलो.

"दोष मला तुमच्याहून जास्त माहीत आहेत. तुम्ही बसवा तर!"

दोघांकडेही बसवलं. मामांनी लगेच फाइलला कुलूप लावलं, फोन बंद केला आणि आत आवाज दिला, "पोहे जरा जास्त टाक गं." पोहे होईपर्यंत खाली स्कूटर थांबली. "फोन क्यों नहीं उठाता बे?" मास्तर जिन्यातूनच ओरडत होते. मामा लगबगीने उठले आणि दार उघडण्याआधी त्यांनी हसू पुसून चेहरा रागीट करून घेतला.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. माझ्याबरोबर काम करणारे कोणी पुण्याला, कोणी बंगलोरला, एक तर पोलंडमध्ये. सगळ्यांचं काम सकाळी अगदी नीट जुळलेलं असतं. कोणामुळे कोणाचं अडत नाही. इतकी वर्षं झाली, त्यांच्यातल्या एकाचंही घर मी पाहिलेलं नाही.