पाहुण्यांच्या दिवशीची सहल

"पाहुणे येतील त्या दिवशी तुमची ती मराठी माध्यमाची पोरं आवारात दिसायला नकोत," संचालक म्हणाले. "रामटेकला सहल काढा. आणि मॅडम, तुम्हीपण जाच. तुमचं इंग्रजी ऐकलं तर करार व्हायचा नाही."

सगळी बैठक हसली. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

आमच्या विद्यापीठाचा परदेशी विद्यापीठाशी करार होणार होता. आमची मुलं तिकडे, तिकडची इकडे. म्हणून भिंती रंगवल्या, कुंड्या भाड्याने आणल्या, नको ते झाकायचं ठरलं. त्यात माझा वर्ग आला. मी तासिका तत्त्वावर शिकवते. पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही, ते संचालकांच्या मनावर. मान डोलावली. वर्गात जाऊन म्हटलं, "खास तुमच्यासाठी सहल!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. किती सहज खोटं बोलले मी.

सकाळी पोरं नवे कपडे घालून आली. बसमध्ये गाणी सुरू झाली. प्राची मात्र खिडकीशी गप्प. तिने पाहुण्यांना विचारायला इंग्रजीत एक प्रश्न तयार केला होता, माझ्यासमोर घोकला होता. तुमच्याकडे शिकायला यायचं तर आमच्यासारख्यांनी सुरुवात कुठून करायची? एवढाच.

कामठी मागे पडलं तशी ती उठून माझ्याजवळ आली.

"मॅडम, पाहुणे आजच येऊन राह्यले न?"

"हो."

"मंग आमाले काहून बाहेर नेऊन राह्यल्या? तुमाले आमची लाज वाटते का?"

बस कन्हानच्या पुलावर होती. पलीकडे माझं गाव, माझी मराठी शाळा. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं झालं असतं. लाज वाटतच होती. माझी मला. ती मी या पोरांवर काढली होती.

"भाऊ, गाडी फिरवा," मी ड्रायव्हरला म्हटलं.

आम्ही सभागृहात शिरलो तेव्हा कार्यक्रम संपत आला होता. संचालक तरातरा आले. "हे काय आहे?"

"माझा वर्ग आहे, सर. इथंच बसेल."

 मी मागे हटले नाही. पोरं बसली. प्राचीने हात वर केला. माइकवरून सांगितलं, वेळ संपली. तिने हात तसाच थोडा वेळ वर ठेवला, मग खाली घेतला. तिची ती वेळ मी रामटेकच्या रस्त्यावर घालवली होती.

करार झाला. फोटो निघाले. प्राची आता माझ्याशी कामापुरतं बोलते. बरोबर आहे तिचं.

पाहुणे पुन्हा येणार आहेत. संचालकांनी बैठक बोलावली आहे. तिथं मी सांगणार आहे, माझा वर्ग पहिल्या रांगेत बसेल आणि पहिला प्रश्न प्राची विचारेल. सांगणार आहे ते इंग्रजीत, माझ्या याच इंग्रजीत. तास जायचे तर जाऊ देत. बैठकीने खुशाल हसावं.

मी हसणार नाही.