बाबांच्या रायफलीला चार भोकं

हेल्मी राउतिओ शाळेच्या कँटीनमध्ये आयुष्यभर रांधत आली. निवृत्त झाली त्या दिवशी तिनं ॲप्रन कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि जाहीर केलं, की यापुढं चारपेक्षा जास्त माणसांसाठी चूल पेटवणार नाही. तोंडाची फटकळ, रागाला नाकावर जागा दिलेली, पण शब्दाची पक्की. त्यामुळं तिचा धाकटा भाऊ ओन्नी ऑक्टोबरात कॉफी प्यायला आला आणि जे बोलला, ते बोलायला त्याची जीभ कशी रेटली कोण जाणे.

"यंदा शिकारीच्या कॅम्पवर तू स्वैपाकाचं बघ," वेलचीचा पाव कॉफीत बुडवत तो म्हणाला. "सगळ्यांचं तसंच म्हणणं आहे."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?"

"सगळ्यांचंच गं. डोळे थकलेत तुझे. गेल्या साली काय झालं ते विसरलीस?"

विसरेल कशी? गेल्या नोव्हेंबरात हरणाचा एक मोठा नर ओन्नीच्या आणि तिच्या मचाणांच्या मधून चालला होता. दोघांनी जवळजवळ एकदमच बार काढले. हरणाच्या पोटात गोळी लागली आणि ते तसंच सीडरच्या झाडांमधल्या दलदलीत शिरलं. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं, सापडलं नाही. नेम चुकला तर आमच्याकडं थट्टा होते. चुकलेल्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीनं कापून कॅम्पच्या भिंतीवर खिळ्यानं ठोकतात, वर बिअर पाजतात. पोटात गोळी मारली तर मात्र कुणी हसत नाही. त्या संध्याकाळी ओन्नीनंच पँटमधून शर्ट ओढून काढला. "माझी झाडात गेली, कापा," म्हणाला. मग उरलेली गोळी कुणाची, ते सांगायची गरजच राहिली नाही.

तिला कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. घरी आल्यावर ती त्या हरणासाठी रडली, आणि ओन्नी शेजारी बसून तिची पाठ थोपटत होता. पुढं डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, मोतीबिंदूची जेमतेम सुरुवात आहे, काही वर्षं काळजी नको. हेल्मीनं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. हरणाच्या पोटात गोळी घालणारे डोळे चांगले कसे असतील?

"मी कॅम्पवर भांडी घासायला येणार नाही," ती ओन्नीला म्हणाली. "मी दुर्बीण लावून घेते."

ओन्नीच्या हातातला पाव कॉफीत पडला. "बाबांच्या रायफलीला?"

"माझ्या रायफलीला. तुला त्यांनी कॅम्पचं घर दिलं, मला रायफल दिली. घराला तू प्लॅस्टिकच्या खिडक्या लावल्यास, तेव्हा मी बोलले का काही?"

बोलली होती, भरपूर बोलली होती. पण तो मुद्दा ओन्नीला त्या वेळी सुचला नाही.

खरं तर तिलाही ते जिवावर आलं होतं. ती जुनी जर्मन रायफल बाबांनी जन्मभर मूळ रूपात जपली होती. मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी, एवढ्यावरच त्यांचा नेम. पोलादाला एकदा भोक पडलं की ते कुणाच्या बापाला भरता येत नाही, असं ते म्हणायचे.

बंदुका दुरुस्त करणारा लुसियनही तेच म्हणाला. "हेल्मीबाई, अशी हात न लागलेली रायफल हल्ली मिळत नाही. दुर्बिणीसाठी पट्टी बसवायची तर माथ्यावर चार भोकं पाडून आटे काढावे लागतील. आणखी एकदा विचार करा."

"विचार करूनच आले. पाड."

मग त्यानं कपाटातून लांडग्याच्या मांडीएवढी जाड दुर्बीण काढली. हेल्मीनं ती नळीवर नुसती धरून बोल्टचा दांडा उचलला. दांडा दुर्बिणीवर खट्कन आपटला.

"दुर्बिणीखाली उंच कड्या घालू," लुसियन म्हणाला.

"उंच कड्या घातल्या की माझा गाल दस्त्यावरून उठणार. बदकासारखी मान काढून नेम धरू का? आमच्या झाडीत शंभर पावलांपलीकडं दिसतंय काय, म्हणून मला एवढी दुर्बीण?"

शेवटी चारपटीची, एकाच ताकदीची, बारीक आणि बुटकी दुर्बीण ठरली. दांडा तापवून जरा खाली वाकवावा लागला. बसवताना लुसियननं तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली. डोळे उघडल्यावर चित्र कडेला काळं दिसलं की तो दुर्बीण केसभर मागेपुढे सरकवायचा. असं करत करत चित्र पुरं गोल झालं, तेव्हा त्यानं स्क्रू आवळले. "डोळा काचेपासून चार बोटं मागंच राहू दे," त्यानं बजावलं. घरी येताना गाडीत हेल्मी आईची आठवण काढून रडली. बाबांची काढायची तिला हिंमत झाली नाही.

हंगामाच्या आदल्या शनिवारी ती जुन्या खडीच्या खाणीत नेम जुळवायला गेली. सुपीरियर सरोवरावरून बोचरा वारा येत होता. लाकडी टेबलावर वाळूची पिशवी, समोर पुठ्ठ्यावर काळा ठिपका. गोळ्या ठिपक्याच्या जरा डावीकडं, पण एकमेकींना चिकटून पडत होत्या. तेवढ्यात ओन्नीची गाडी आली. त्याला लुसियनच्या दुकानातून खबर लागली होती.

"लाज नाही वाटली?" त्यानं उतरता उतरताच सुरू केलं. "बाबा असते तर तुला घरातून हाकललं असतं!"

"बाबा असते तर आधी तुझ्या खिडक्या फोडल्या असत्या!"

"आण ती इकडं. बघू तुझं हे खेळणं." टेबलाशी बसून त्यानं रायफल खांद्याला लावली. बराच वेळ नुसता बघत राहिला. बाबांनी दोघांनाही एकच शिकवलं होतं: अंगठ्याला नाक टेकलं पाहिजे, म्हणजे डोळा रोज एकाच जागी येतो. ओन्नीचं नाक सवयीनं अंगठ्याकडं सरकत होतं.

"मागं हो! डोळा मागं घे, ओन्नी!"

"मला शिकवू नकोस," म्हणत त्यानं चाप ओढला.

रायफलीनं मागं धक्का दिला आणि दुर्बिणीची कड त्याच्या भुवईत बसली. अर्धचंद्र कापला गेला, रक्त गालावरून दाढीत उतरलं. गाडीच्या मागच्या फळीवर त्याला बसवून हेल्मी टॉवेल दाबत शिव्या देत होती. तो ऐकत नव्हता.

"ठिपका दिसत होता गं," तो पुटपुटला. "स्वच्छ."

"मग? काळा ठिपका आहे, दिसणारच."

"मला नुसत्या डोळ्यानं नाही दिसत. तीन-चार वर्षं झाली. माशी धरली की समोर नुसतं धुकं. अंदाजानं मारतो."

हेल्मीचा हात थांबला. "मग गेल्या साली तुझी गोळी झाडात गेलेली तुला दिसली कशी?"

ओन्नी फळीवरून उतरायला निघाला, तिनं त्याला खाली दाबला.

"तोंड उघड. दिसली कशी?"

"नाही दिसली. माझा बार झाला आणि हरणाची पाठ कमानीसारखी वाकली. तुझा मागून झाला, तेव्हा ते पळत सुटलं होतं. कॅम्पचा म्होरक्या मी. पोरं माझ्याकडं बघतात. सगळे गप्प बसले होते, मला तोंडावर आणता आलं नाही."

"आणि मी रडत होते तेव्हा?"

"तेव्हाही नाही आलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर ती आरशात स्वतःच्या डोळ्यांकडं चोराकडं बघावं तसं बघत होती. डॉक्टरचं तिनं ऐकलं नव्हतं. टेबलावर बाबांची रायफल पडली होती. तिच्या माथ्यावरच्या पट्टीखालची चार भोकं न बघताही हेल्मीला दिसत होती.

"ती भोकं मी नाही पाडली, ओन्नी. तू पाडलीस."

"आज कॅम्पवर सगळ्यांना सांगतो. शपथ."

"सांगशीलच, मी समोर उभी राहीन. आणि आधी त्या हरणाचं सांग. दलदलीत ते कसं मेलं असेल, ते सांग. माझं नंतर."

तिनं त्याचा हात ओढून टॉवेलवर ठेवला, रायफल उचलली आणि त्याला टाके घालायला न्यायला गाडी सुरू केली. वाटेत तो दोनदा काही बोलायला गेला. दोन्ही वेळा तिनं काच खाली करून वारा आत घेतला.